वाचकांचे प्रश्न : मोटरसायकलला शॅम्पू, पॉलिश की वॅक्स?

प्रश्न : माझ्या काळ्या मोटरसायकलला चार वर्षे झाली. आजवर ती भांड्यांच्या द्रवसाबणाने धूत आलो आणि जुन्या सुती फडक्याने पुसत आलो. आता उन्हात टाकीवर कोळिष्टकासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. दुकानात शॅम्पू, पॉलिश, वॅक्स, सीलंट अशा इतक्या बाटल्या आहेत की काय घ्यावे ते सुचत नाही. पॉलिश आणि वॅक्स एकच का?

उत्तर : एकच नव्हे, आणि रंगाचे बरेचसे नुकसान नेमके याच गैरसमजातून होत असल्यामुळे आधी त्याबद्दल लिहितो. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासकण असतात. ते रंगावरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे क्लिअर कोटचा, सूक्ष्म अंश घासून काढतात. त्यामुळे रेघांच्या कडा बोथट होतात, प्रकाश विखुरणे थांबते आणि पृष्ठभाग पुन्हा आरशासारखा दिसू लागतो. वॅक्स मात्र काही काढत नाही, उलट वर एक पातळ संरक्षक थर चढवते. क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी असते आणि एकदा घासून गेलेला थर परत येत नाही. वॅक्स वर्षातून अनेकदा लावले तरी बिघडत नाही. पॉलिशला मात्र रेघा खरोखरच खुपू लागल्यावरच हात घालावा. अडचण अशी की, बाजारात या दोन्ही वस्तू सर्रास ‘पॉलिश’ याच नावाने विकल्या जातात. म्हणून बाटलीवरचे नाव नव्हे, तर मागचा मजकूर वाचावा. ओरखडे आणि डाग काढण्याचा दावा असेल तर आत घासकण असण्याचीच शक्यता अधिक. केवळ संरक्षण आणि पाणी निथळण्याचा उल्लेख असेल तर ते वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच संरक्षक थर देणारे कृत्रिम द्रव्य, समजावे.

आपल्या टाकीवरच्या रेघा साबणाने पडलेल्या नाहीत, त्या धुळीने पडल्या आहेत. रंगावर बसलेले वाळूचे कण फडक्याखाली सापडतात आणि हात गोल फिरेल तशा गोल रेघा उमटतात. भांड्यांच्या साबणाचा दोष वेगळा आहे. तेलकटपणा तोडणे हेच त्याचे काम असल्यामुळे तो पूर्वी लावलेले वॅक्सही धुऊन नेतो आणि रंग उघडा पडतो. त्याऐवजी वाहनांसाठीचा उदासीन, म्हणजे सुमारे ७ पीएचचा शॅम्पू घ्यावा. त्याच्या फेसामुळे पृष्ठभाग निसरडा होतो आणि कण न घासता सरकून जातात. मात्र त्याआधी नुसत्या पाण्याने सगळी धूळ वाहून जाऊ द्यावी. एका बादलीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी ठेवून प्रत्येक फेरीनंतर मायक्रोफायबरचा हातमोजा साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमलेली रेती एकदा पाहिली की ही खटपट कशासाठी, हे निराळे सांगावे लागत नाही. इंजिन थंड असावे आणि गाडी सावलीत असावी, नाहीतर साबण वाळून डाग धरतो. चाके आणि चेनसाठी वेगळे फडके ठेवावे. ते टाकीला कधीही लावू नये.

यानंतरही रेघा खुपत असतील तर सर्वांत सौम्य, अखेरचा हात देण्यासाठी असलेले पॉलिश घ्यावे. रेघेवरून आडवे नख हलकेच फिरवून पाहावे. नख अडकले तर ती रेघ पॉलिशच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि ती घालवण्याच्या नादात भोवतालचा थर मात्र झिजेल. पहिला प्रयोग सहज नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेवर करावा. फडक्यावर गाडीचाच रंग उतरू लागला तर लगेच थांबावे, कारण तेथे क्लिअर कोट मुळातच नाही किंवा तो संपला आहे. स्टिकरच्या कडा आणि न रंगवलेले काळे प्लास्टिक यांपासून पॉलिश आणि वॅक्स दोन्ही दूर ठेवावीत. त्यांचे पांढरे डाग तेथे बसले की निघता निघत नाहीत.

वॅक्समध्ये कार्नौबा हे नाव आपल्याला वारंवार दिसेल. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण मिळते आणि ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. काळ्या रंगावर त्याची झळाळी फार सुंदर दिसते, हे मला मनापासून मान्य आहे; परंतु ते काही आठवडेच टिकते. रोज उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी कृत्रिम सीलंट सुचवेन, कारण ते काही महिने टिकते. दोन्ही अगदी पातळ लावावीत. जाड थराने चमक वाढत नाही, पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरू लागले की पुन्हा लावण्याची वेळ झाली असे समजावे.

प्रश्न : माझ्या गाडीचा रंग मॅट आहे. त्यावर हाताचे डाग पडतात. कोणते पॉलिश चालेल?

उत्तर : कोणतेही नाही. मॅट रंगाचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. पॉलिशने तो सपाट होतो आणि तेवढाच भाग चमकू लागतो. तो पुन्हा मॅट करायचा तर रंग नव्यानेच द्यावा लागतो. साधे वॅक्सही नको. मॅट रंगासाठीचा शॅम्पू आणि त्याच रंगासाठी बनवलेले संरक्षक स्प्रे एवढेच घ्यावे, आणि हाताचे डाग ताजे असतानाच, न रगडता, ओल्या मायक्रोफायबरने टिपून काढावेत.

प्रश्न : चेन पेट्रोलने धुतो आणि टायर व सीटला चमक आणणारा स्प्रे मारतो. यात काही चूक आहे का?

उत्तर : दोन्हींत आहे, आणि दुसरी चूक जिवावर बेतू शकते. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा त्याच्या कडांवर सिलिकॉनचा स्प्रे पडला तर वळणावर गाडी कलताच टायर घसरतो. सीट निसरडी झाली की ब्रेक लावताना बसणारा पुढे सरकतो. मी स्वतः हा अनुभव घेतला आहे आणि त्यानंतर सीटला ओल्या फडक्याखेरीज काही लावलेले नाही. त्याच स्प्रेचा तुषार ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेकची पकड जाते. ब्रेक क्लीनरने डिस्क पुसता येते, परंतु ब्रेकच्या पॅडमध्ये तेलकटपणा मुरला असेल तर ते बदलणेच सुरक्षित. टायरची बाजू काळी दिसावी असे वाटत असेल तर द्रव फडक्यावर घेऊन फक्त त्या बाजूला पुसावा आणि कडेपासून दोन बोटे अंतर राखावे.

चेनविषयी सांगायचे तर, आजच्या बहुतेक मोठ्या मोटरसायकलींच्या चेनमध्ये आतले ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग असतात. पेट्रोलने त्या खराब होतात, शिवाय ते पेट घेण्याचा धोका असतोच. ओ-रिंगला चालेल असे स्पष्ट लिहिलेले चेन क्लीनर किंवा केरोसीन आणि मऊ ब्रश वापरावा, चेन कोरडी पुसावी आणि मग चेनचे वंगण आतल्या बाजूने लावावे. हे काम इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवीतच करावे.