पैसे भरून ऑनलाईन कोडिंग कोर्स करावा का?
सुरुवातीलाच नको रे. मी रत्नागिरीत बसून ईएमआयवर एक महागडा घेतलेला, पावसात लाईट गेली की लाईव्ह क्लास बुडायचा, शंकेला उत्तर दोन दिवसांनी आणि हप्ता मात्र तारखेला कापला जायचा. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कोडिंगचा ऑनलाईन कोर्स आणि फ्रीकोडकॅम्प ही कोडिंग शिकवणारी साईट फुकट आहेत, एनपीटीईएलला, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाईन कोर्सना, पण परीक्षा द्यायची तरच फी. ते बघत बघत काकांच्या हापूसच्या ऑर्डरी घ्यायला छोटी वेबसाईट बनवली, पेटी चार डझनाची की पाच हा हिशोब कोडमध्ये बसवताना जे डोकं पिकलं त्यातच खरं शिकलो, इंटरव्ह्यूत पण त्याचंच विचारलं, सर्टिफिकेट कोणी बघितलं सुद्धा नाही. हां, कोणी तुझा कोड वाचून चुका दाखवणार असेल तर दे पैसे, पण आधी रिफंडचं नीट वाच.