ग्रिझली अस्वल दिवसाला ४०,००० पतंग खातं, हे मोजलं कुणी आणि कसं?

तुमचा प्रश्न असा: चारशे-पाचशे पौंडांचं जनावर डोंगरमाथ्यावर दगड उलथून पतंग खातं हे एक वेळ पटतं, पण ४०,००० हा आकडा आला कुठून? कुणी शेजारी बसून मोजले का?

नाही. हा गुणाकारातून आलेला आकडा आहे, आणि तोही 'इतके खाऊ शकतं' अशा वरच्या टोकाचा. बातम्यांमध्ये त्यातला 'पर्यंत' गळतो आणि ती रोजची सरासरी असल्यासारखी वाटते.

आधी पतंगाविषयी. हा आर्मी कटवर्म, म्हणजे आपल्या घाटेअळीच्याच नॉक्ट्युइडी कुळातला. अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्समध्ये, म्हणजे मधल्या विस्तीर्ण मैदानी पट्ट्यात, वसंतात त्याची अळी गहू आणि लसूणघास कुरतडते. उन्हाळा लागताना पतंग रॉकी पर्वतात जातात, रात्री फुलांमधला मकरंद पितात आणि दिवसा घसाऱ्यातल्या (डोंगरउतारावर साचलेल्या सुट्या दगडांच्या राशीतल्या) दगडांखाली गच्च दाटीनं बसतात. वायोमिंगच्या ॲब्सारोका रांगेत अशा जागा साधारण ३,००० मीटरच्या वर आहेत, मोंटानाच्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये त्याहून खाली. अस्वलं जूनअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथे चरतात.

आता हिशेब. एका पतंगात किती ऊर्जा, अस्वल तासाला किती पतंग खातं आणि दिवसातले किती तास खातं, हे तीन आकडे लागतात: पतंगांच्या संख्येला शेवटचे दोन, त्यांतून मिळणाऱ्या ऊर्जेला पहिलाही. पहिला प्रयोगशाळेत पक्का होतो. दुसरा सगळ्यात कच्चा.

ऊर्जेसाठी पतंग रात्री दिव्याच्या सापळ्यात धरतात किंवा दिवसा हातानं दगड उचलून गोळा करतात. दोन्हींत खोट आहे. सापळ्यात येतात ते उडणारे, खायला बाहेर पडलेले. अस्वल खातं ते दगडाखाली निपचित बसलेले. आणि दगड उचलला की उजेड आणि हादऱ्यानं पतंग फटींतून खाली सरकतात, हाती येतात ते वरच्या थरातले. नमुना लगेच गोठवावा लागतो, कारण उबेत पतंग फडफडत राहिला तर जी चरबी मोजायची तीच तो जाळत बसतो. पुढे वाळवून वजन, ईथरसारख्या द्रावकानं चरबी काढून पुन्हा वजन, आणि वेगळ्या नमुन्याची बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये (नमुना जाळून निघालेली उष्णता मोजणाऱ्या उपकरणात) ऊर्जा. तारखेनुसार नमुने वेगळे ठेवले नाहीत तर सगळं मुसळ केरात: हंगाम सरत जातो तशी चरबी वाढत जाते आणि अखेरीस कोरड्या वजनाच्या ७० टक्क्यांच्या वर पोचते. जुलै आणि ऑगस्टचे पतंग एकत्र दळून काढलेली सरासरी कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही. ढोबळ मानानं एका पतंगात अर्धी किलोकॅलरी धरतात. म्हणजे ४०,००० पतंगांच्या २०,००० किलोकॅलरी.

खाण्याचा वेग मात्र बघून मिळत नाही. अस्वलाचं तोंड दगडांत खुपसलेलं असतं आणि ते एकेक वेचत नाही, जिभेनं घोळकेच्या घोळके ओढतं. म्हणून विष्ठेकडे वळावं लागतं. पंख, पाय आणि डोक्याचं कवच पचत नाही. प्रत्येक पतंगाला डोकं एकच, त्यामुळे वजन केलेल्या छोट्या भागातली डोकी मोजून पूर्ण विष्ठेचा अंदाज बांधता येतो. ताजी विष्ठा अख्खी उचलायची, तारीख, उंची आणि जीपीएस त्याच वेळी लिहायचं, कागदी पिशवीत भरायची (प्लास्टिकमध्ये बुरशी चढते), आणि चाळणीवर धुताना हातमोजे-मास्क लावायचे, कारण परजीवींची अंडी असतात. यातल्या अडचणी दोन: चावताना कवचं फुटतात, म्हणून मोजणी कमी भरते, आणि मांस किंवा मऊ फळं जवळजवळ मागमूस न ठेवता पचतात, म्हणून विष्ठा काळीकरडी पतंगांची दिसली तरी अस्वलानं फक्त पतंगच खाल्ले असं ठरत नाही.

तासांसाठी समोरच्या धारेवरून, एक-दोन किलोमीटरवरून स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची छोटी दुर्बीण, लावतात. उजाडण्याआधी जागेवर बसायचं, दर १०-१५ मिनिटांनी सगळी उतरण एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाहायची आणि प्रत्येक अस्वल खातंय, चालतंय की लोळतंय ते नोंदवायचं. ऊन चढलं की हवा थरथरते आणि दूरचं तपकिरी अस्वल व तपकिरी खडक सारखेच. शिळेआड गेलेलं अस्वल पलीकडून निघालं की नवं म्हणून दुसऱ्यांदा मोजलं जातं; पिल्लांची संख्या आणि अंगावरचे फिके पट्टे लिहून ठेवले तर हा घोळ कमी होतो. जीपीएस कॉलरनं अस्वल घसाऱ्यावर होतं एवढं कळतं, खात होतं हे नाही.

आता तुम्हीच पडताळा. १४ तास खाल्लं तर ४०,००० म्हणजे मिनिटाला सुमारे ४८. दाट घोळक्यात हे अशक्य नाही, पण १४ तास तोच वेग टिकवायचा म्हणजे पतंग, हवामान आणि शांतता तिन्ही जुळायला हवेत. म्हणून मी हा आकडा चांगल्या दिवसाची कमाल मर्यादा मानतो. माझ्या मते ग्लेशियरमधल्या कामातून व्हाइट, केंडल आणि पिक्टन या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं गणित जास्त बोलकं आहे: महिनाभर पतंगांवर जोर दिला तर अस्वलाच्या वर्षभराच्या ऊर्जेचा जवळपास ४७ टक्के वाटा निघतो.

शांततेचं म्हणाल तर याच तिघांनी गिर्यारोहकांचा परिणामही मोजला. माणसांनी बिचकवलेल्या अस्वलांचा पतंग खाण्याचा वेळ ५३ टक्क्यांनी घटला. त्यामुळे अस्वलं वर असताना घसाऱ्यात उतरायचं नाही. विष्ठा आणि पतंग गोळा करायचे ते उतरण रिकामी असल्याची स्कोपमधून नीट खात्री करून, बेअर स्प्रे (अस्वलाला परतवायचा तिखट फवारा) कमरेला लावून आणि कधीही एकट्यानं नाही.