सार्वजनिक धोरण किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करताना प्रत्यक्ष कामाचा अनुभव कुठे मिळेल?

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते कॅपस्टोन प्रकल्पात, म्हणजे चार-सहा जणांच्या गटाने एखाद्या सरकारी खात्यासाठी किंवा संस्थेसाठी एका सत्रात केलेल्या कामात. तो फसतो बहुधा पहिल्याच पंधरवड्यात. ‘मराठवाड्यातला पाणीप्रश्न’ हा विषय झाला, प्रकल्प नव्हे. ‘या तालुक्यात टँकरची मागणी ते मंजुरी यात किती दिवस जातात आणि फाइल कुठे अडते’ हा प्रश्न सत्रात सुटू शकतो. प्रश्न, आकडेवारी कोण कधी देणार आणि अहवाल कोण वाचणार, एवढं दोन पानांत लिहून खात्याकडून मान्य करून घ्या. ‘देऊ की’ या तोंडी होकारावर विसंबू नका. माहिती अधिकारात उत्तराची मुदतच ३० दिवसांची. अपिलात गेलात तर सत्र संपलंच.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप साधारण दोन ते सहा महिन्यांची आणि बिनपगारी असते. प्रवास, राहणं, विमा सगळं स्वतःच्या खिशातून. त्यामुळे न्यूयॉर्क-जिनिव्हाचा हट्ट सोडा. बँकॉक, नैरोबीतही कार्यालयं आहेत आणि राहणं स्वस्त पडतं. अर्ज इन्स्पिरा पोर्टलवर.

पीआरएस या संसदेच्या कामकाजावर संशोधन करणाऱ्या दिल्लीतल्या संस्थेची लॅम्प फेलोशिप, म्हणजे खासदाराचा सहायक म्हणून संसदेतलं काम, उत्तमच. पण ती पूर्णवेळ आहे आणि वयाची अट २५ वर्षं, तेव्हा एमए संपताना वय किती असेल ते आधी मोजा.