गेम इंजिनची तक्रार कशी करावी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सपाट जमिनीवर पळताना पात्र मध्येच अडकतं. बग कळवला, व्हिडिओही जोडला. तरी ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणून नोंद बंद केली. अजून काय द्यायला हवं होतं?

व्हिडिओत लक्षण दिसतं, कारण दिसत नाही. तुमच्या गेममध्ये चाळीस स्क्रिप्ट आणि तीन प्लगइन (वरून जोडलेल्या सुविधा) असतील, तर पात्राला अडवणारा त्यातला नेमका कोण, हे इंजिन (गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर) बनवणाऱ्यांना कसं कळावं? त्यांना लागतो तो लहानात लहान प्रोजेक्ट : उघडला, चालवला की बग समोर.

मूळ प्रोजेक्टची प्रत घ्या आणि प्रतीवरच काम करा. आधी प्लगइन काढा, मग मेनू, आवाज, शत्रू, चित्रं. दर खेपेला चालवून बघा. बग गायब झाला, तर शेवटची काढलेली गोष्ट परत घाला, संशयित तीच. अशी छाटणी केली की बहुधा एक पात्र, जमिनीचे चार तुकडे आणि पंधरा-वीस ओळी उरतात. अडकण्याचं कारणही कधी कधी तिथेच दिसतं. जमीन टाइलची असेल आणि प्रत्येक टाइलचा कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) वेगळा असेल, तर डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या जमिनीतही भौतिकी गणिताला सांधे दिसतात. चौकोनी पात्राचा खालचा कोपरा त्या सांध्याला ठेचकाळतो. पात्राच्या कोलायडरला कॅप्सूलचा, म्हणजे गोल टोकांचा, आकार देऊन बघा. अडकणं थांबलं, तर तेही नोंदीत लिहा. शोध घेणाऱ्याचं काम बरंच कमी होतं.

गोदो या गेम इंजिनाच्या ४ मालिकेत प्रोजेक्ट झिप करण्याआधी टिंबाने सुरू होणारा ‘गोदो’ नावाचा लपलेला फोल्डर काढून टाका. त्यात कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या फाइल) असते, ती इंजिन पुन्हा तयार करतं. राहिला तर झिप उगाच फुगते.

मजकुरात आवृत्ती पूर्ण लिहा, नुसतं ‘४.३’ नको, स्टेबल (पक्की) की बीटा (चाचणीची), तेही हवं. ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि निवडलेला रेंडरर (इंजिनातली चित्र काढणारी पद्धत) लिहा. बग चित्रणातला असेल, तर रेंडरर बदलून बघाच : गोदोच्या फॉरवर्ड प्लस रेंडररमध्ये दिसतो आणि कंपॅटिबिलिटी रेंडररमध्ये नाही, एवढ्यावरून निम्मा कोड संशयातून सुटतो. दहापैकी किती वेळा होतं, हा आकडाही द्या. आणि एरर मेसेज मजकूर म्हणून चिकटवा. स्क्रीनशॉटमधली अक्षरं शोधात सापडत नाहीत, त्यामुळे तीच तक्रार आणखी पाचजण नव्याने नोंदवतात.

प्रश्न : इंजिन अपडेट केल्यावर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ९०० वरून ६०० वर आल्या. एक तृतीयांश वेग गेला! हे गंभीर नाही का?

आकडा भीतिदायक आहे, नुकसान तेवढं नाही. फ्रेमरेट सोडा, एका फ्रेमला लागणारा वेळ मोजा. ९०० फ्रेम म्हणजे १.११ मिलिसेकंद, ६०० म्हणजे १.६७. फरक ०.५६. हाच फरक ६० फ्रेमच्या गेममध्ये (१६.६७ मिलिसेकंद) पडला असता, तर फ्रेमरेट ५८ वर आला असता आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता. रिकामा सीन मोजला की असे आकडे येतात.

तुमच्या खऱ्या सीनमध्येही वेळ वाढला असेल, तर मात्र जरूर कळवा. व्ही-सिंक (फ्रेमरेट स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सोय) बंद, रिझोल्यूशन तेच, कॅमेरा त्याच जागी, आणि मोजणी रिलीज एक्स्पोर्टवर, म्हणजे खेळाडूला देतो त्या तयार गेमवर. एडिटरमधून चालवलेल्या गेमचे आकडे तुलनेला चालत नाहीत. सुरुवातीचा थोडा वेळ वगळा, कारण तेव्हा शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होत असतात. मग जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या मधली चाचणी आवृत्ती घेऊन मोजा, आणि दर वेळी उरलेल्याचं निम्मं करत जा. सोळा आवृत्त्या असल्या, तरी चार मोजण्यांत गुन्हेगार सापडतो. ‘अमुक आवृत्तीत ठीक, पुढच्याच आवृत्तीत बिघडलं’ हे एक वाक्य पानभर नाराजीपेक्षा उपयोगी आहे.

प्रश्न : मोठ्या नकाशात खूप दूर गेल्यावर पात्र थरथरतं. बग कळवू का?

नको. ही ३२ बिट फ्लोटची, म्हणजे इंजिन जागेचे आकडे ज्या मर्यादित अचूकतेने साठवतं त्या पद्धतीची, मर्यादा आहे. एक युनिट म्हणजे एक मीटर धरा. मूळबिंदूपासून १० किलोमीटरवर सर्वांत लहान पाऊल साधारण १ मिलिमीटरचं असतं, १०० किलोमीटरवर ८ मिलिमीटरचं. पात्र त्या पावलांवरच उड्या मारत असतं. खेळाडू दूर गेला की सगळं जग मागे सरकवून त्याला मूळबिंदूजवळ आणा. गोदो दुहेरी अचूकतेसह (६४ बिट आकड्यांसह) स्वतः कंपाइल करता येतं. अनरियल ५ या दुसऱ्या इंजिनामध्ये मोठ्या जगाची सोय आधीच आहे.

प्रश्न : ‘इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या वस्तूची मूल्यं दाखवणाऱ्या भागात) अमुक बटण द्या’ अशी मागणी केली होती. दोन वर्षं झाली, हालचाल नाही.

मागणीत बटण होतं, अडचण नव्हती. नव्या सुविधा सुचवण्याचा गोदोचा नमुना-अर्ज आधी तुमच्या प्रोजेक्टबद्दल आणि अडचणीबद्दल विचारतो, सुविधेबद्दल नंतर. शिवाय दोन अवघड प्रश्न असतात : चार ओळींच्या स्क्रिप्टने हे भागेल का, आणि हे प्लगइन म्हणून का चालणार नाही? इथेच बहुतेक मागण्या गळतात, आणि ते योग्यच आहे. इंजिनात शिरलेली प्रत्येक गोष्ट कुणाला तरी वर्षानुवर्षं सांभाळावी लागते.

‘दोनशे वस्तूंचं एकेक मूल्य हाताने बदलावं लागतं, दर बदलाला अकरा क्लिक’ असं लिहा. त्यावर कुणाला तुमच्या बटणापेक्षा बरा उपाय सुचेल. पाठिंब्यासाठी अंगठ्याची खूण पुरेशी आहे. ‘मलाही हवं’ अशा प्रतिसादाने चर्चेतल्या प्रत्येकाला नोटिफिकेशन जातं आणि कामाची वाक्यं खाली गाडली जातात.

प्रश्न : बीटा वापरून अभिप्राय द्यावा की स्टेबलची वाट पाहावी?

बीटा वापरा, पण प्रतीवर. नव्या आवृत्तीत उघडलेल्या प्रोजेक्टच्या फाइल बदलतात आणि जुन्या आवृत्तीत परत नीट उघडतीलच असं नाही. एखाद्या फंक्शनचं नाव किंवा वागणं खटकत असेल, तर बीटाच्याही आधीच्या चाचणी आवृत्तीतच बोला. बीटात नवी भर सहसा थांबलेली असते, रिलीज कँडिडेटमध्ये (स्टेबलच्या आधीच्या शेवटच्या चाचणी आवृत्तीत) फक्त नव्याने बिघडलेलं दुरुस्त होतं. स्टेबल आल्यावर तीच सूचना केली, तर लोकांचे चालू प्रोजेक्ट मोडतील म्हणून ती पुढच्या मोठ्या आवृत्तीवर ढकलली जाते.