आयटी आणि ओटी, दोन्हीकडे कॉम्प्युटरच असतात, मग फरक कसला?

तुम्ही विचारलंय की यंत्रं चालवणारी ऑपरेशनल टेक्नॉलॉजी, म्हणजे ओटी, हे आयटीचंच कारखान्यातलं नाव आहे का. मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, तेव्हा तिथलंच सांगतो.

ऑफिसात सिस्टिम बंद पडली की काम थांबतं. आमच्याकडे थांबत नाही, हीच अडचण. भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतच असतो आणि बॉयलरच्या ड्रममधलं पाणी वाफ होऊन जातच असतं.

त्या ड्रमचंच घ्या. टर्बाइनने एकदम जास्त वाफ ओढली की दाब कमी होतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल वर गेल्यासारखी दिसते. खरं तर पाणी कमी होत असतं! नुसत्या लेव्हलवर विसंबलं तर नेमकं पाणी हवं तेव्हाच ड्रममध्ये पाणी सोडणारा फीड वॉटरचा व्हॉल्व्ह मिटेल. म्हणून पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर, लेव्हल, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी, असं तिन्ही बघून व्हॉल्व्ह हलवतो. याला आम्ही थ्री एलिमेंट कंट्रोल म्हणतो. पीएलसीचं आयुष्य म्हणजे एकच फेरा: इनपुट वाचा, प्रोग्रॅम चालवा, आउटपुट द्या, पुन्हा पहिल्यापासून. फेरा काही मिलिसेकंदांचा. ठरलेल्या वेळात संपला नाही, तर वॉचडॉग, म्हणजे त्यावर नजर ठेवणारा टायमर, फॉल्ट देतो.

लेव्हलचा सिग्नल येतो 4 ते 20 मिलिअँपिअरमध्ये. शून्यापासून का नाही? लेव्हल रेंजच्या तळाला गेली तर 4 येतात, उंदराने वायर कुरतडली तर 0. पाणी गेलंय का वायर तुटलीये, हे लगेच कळतं. (साखर कारखान्यात उंदीर किती, हे विचारू नका.)

आता अपडेटचं. एका हंगामात आमच्या आयटीतल्या पोराने रात्री लांबूनच स्काडाच्या, म्हणजे सगळा प्लांट स्क्रीनवर दाखवणाऱ्या, पीसीवर अपडेट टाकला. पीसी रीस्टार्ट झाला आणि कंट्रोल रूमचा स्क्रीन काळा. यार्डात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, ऊस आत नेणारी गव्हाण चालू. पीएलसी आपलं काम करत राहिला, पण आम्ही आंधळे. बॉयलर अटेंडंट शिडी चढून गेज ग्लाससमोर, म्हणजे ड्रममधली लेव्हल दाखवणाऱ्या काचेसमोर, उभा राहिला आणि वॉकीटॉकीवर लेव्हल सांगत होता. पोराचंही चुकलं नव्हतं म्हणा, त्याच्या खात्यात अपडेट लांबवणं हाच गुन्हा. तेव्हापासून असली कामं गळीत संपल्यावरच.

काळा स्क्रीन तरी प्रामाणिक असतो. 2010 मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट नावाच्या घातक प्रोग्रॅमने इराणच्या नतांझमधल्या अणुप्रकल्पात पीएलसीत शिरून युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा वेग बदलला, आणि ऑपरेटरला मात्र सगळं आलबेल दिसत होतं.

आमचा अटेंडंट अजूनही दर शिफ्टला गेज ग्लास ब्लो करून, म्हणजे वाफेने साफ करून, लेव्हल बघतो आणि पेनने वहीत लिहितो.