पॅराग्लायडिंग: डी वर्गाची विंग आत्ताच घेऊ का?

प्रश्न: माझं वजन 68 किलो. कामशेतला आणि बीरला मिळून उड्डाणाचे 130 तास झालेत, सगळे बी वर्गाच्या विंगवर (ए सर्वांत सोपी, डी सर्वांत वेगवान आणि अवघड). पुढच्या ऑक्टोबरात हिमाचलातल्या बीर-बिलिंगला पहिली क्रॉस-कंट्री (लांब अंतराची) स्पर्धा उडणार आहे. डी वर्गाची सेकंडहँड विंग स्वस्तात मिळतेय. एकाच मॉडेलच्या, पण दोन मापांच्या आहेत; सामानासकट एकूण वजन 75 ते 90 किलोसाठी एक आणि 85 ते 105 किलोसाठी दुसरी. कोणती घेऊ? – एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही नकोत. सी वर्गाची घ्या.

हीच घाई मी केली होती. बी वर्गाच्या विंगवर बिलिंगहून साठ किलोमीटर सहज जायचे, आणि तेवढ्या जोरावर डी वर्गाची घेतली. तिसऱ्याच दिवशी दुपारी, डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला, स्पीडबार (वेग वाढवायला पायाने दाबायचा दांडा) दाबलेला असताना विंगची डावी बाजू मिटली आणि टोक लाईन्समध्ये, म्हणजे दोऱ्यांमध्ये, अडकलं. ते सुटेपर्यंत तीन गिरक्या झाल्या. सुखरूप उतरले, पण तो सगळा सीझन स्पीडबारवर पाय ठेववेना. पंचवीस किलोमीटरवर उतरायचे. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो कधी वापरलाच नाही.

सी वर्गात आता लाईन्सच्या दोनच ओळी असलेल्या विंग आल्या आहेत. ग्लाइडमध्ये (सरळ तरंगत पुढे जाताना) ब्रेक न ओढता मागच्या रायझरने, म्हणजे लाईन्स जिथे जोडलेल्या असतात त्या पट्ट्यांनी, विंग सांभाळायची, ही सवय तिथेच लावून घ्या. बऱ्याच स्पर्धांत सी वर्गापर्यंतच्या विंगांची स्पोर्ट क्रमवारी वेगळी लागते, त्यामुळे मागे पडण्याची भीती धरू नका.

आता माप. सी वर्गाची घेतानाही ते अंदाजाने ठरवू नका. ओळखीच्या भुसार दुकानात जा, हार्नेस (बसायची खोगीर-पिशवी), रिझर्व्ह (जादा पॅराशूट), विंग, हेल्मेट, व्हेरिओ (चढ-उतार दाखवणारं यंत्र), दोन लिटर पाणी, बूट आणि बिलिंगचं जाड जॅकेट, सगळं अंगावर-पाठीवर घेऊन धान्याच्या काट्यावर उभे राहा. बिलिंगचा टेकऑफ सुमारे 2400 मीटरवर आहे, वर अजून गारठा, त्यामुळे जॅकेट वगळू नका. तुमचा आकडा 88-89 च्या आसपास येईल असं वाटतं. म्हणजे 85 ते 105 सारख्या मोठ्या मापात तुम्ही तळाशी पडाल. हलकी भरलेली विंग सुस्त होते आणि लवकर मिटते. 75 ते 90 सारख्या लहान मापात वरच्या टोकाला बसाल, तेच हवं. पण काटा 90 च्या पुढे गेला, तर ‘एखाद-दोन किलोनं काय होतंय’ म्हणू नका, दुसऱ्या कंपनीची मापं बघा.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. मात्र लाईन्सची लांबी आणि कापडातून हवा किती झिरपते, हे तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मागच्या लाईन्स वापराने आखडतात. अशी विंग जमिनीवरून हवा भरून उचलताना डोक्यामागेच रेंगाळते, वर यायला कुरकुरते. मालकाला मैदानावर बोलवा आणि स्वतः चार-पाच वेळा उचलून बघा. वाचलेल्या पैशांतून नेपाळात पोखऱ्याला फेवा तलावावर एसआयव्हीचा (विंग मिटली तर सावरायचा, पाण्यावर घेतला जाणारा) कोर्स करा, आणि तो नव्या विंगवरच करा.