'भक्षक' नको, 'भक्षी' म्हणा

प्रश्न असा: शरीरात शिरलेले जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या 'मॅक्रोफेज'ला मराठीत 'भक्षक पेशी' म्हणायचं की 'महाभक्षी पेशी'? आणि 'इन्फ्लमेशन'ला नुसतं 'सूज' चालेल का?

माझं मत 'महाभक्षी'ला. 'भक्षक' म्हटलं की आरोप केल्यासारखं वाटतं. 'रक्षकच भक्षक' छापाच्या मथळ्यांनी तो शब्द पार बदनाम केलाय. 'भक्षी' मात्र फक्त आहार सांगतो: कीटकभक्षी वनस्पती, मांसभक्षी प्राणी. मूळ ग्रीक अर्थही तेवढाच, 'मोठा खाणारा'. (आणि 'कोशिका' नको, ती हिंदीची, आपली 'पेशी'.)

'महा' कशाला? जीवशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांनी (मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांचे हे गुरू) १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा! पुढे त्यांनी अशा खाणाऱ्या पेशींचे मोठ्या आणि लहान असे दोन गट केले. लहानांना आता न्यूट्रोफिल म्हणतात. 'मायक्रोफेज' हे नाव मागे पडलं, पण जोडीदार गेला तरी 'महा' राहिला.

'सूज' मात्र अपुरी. बोटात कुसळ मोडलं की बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं आणि ठणकतं. हे सगळं मिळून इन्फ्लमेशन. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, ती नुसती सूज. तेव्हा 'दाह' म्हणा, किंवा 'दाहयुक्त सूज'. लांबट आहे, पण चोख. महाभक्षी पेशी टीएनएफसारखी रसायनं सोडून हा दाह पेटवतात आणि मेलेले न्यूट्रोफिल गिळून तो विझवायलाही हातभार लावतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात पेटवणं चालूच राहतं, म्हणून तिथे टीएनएफ अडवणारी औषधं देतात.

फक्त 'भक्षी'वरून 'पचवणारी' असा अर्थ काढू नका. क्षयाचा जंतू गिळला जातो आणि याच पेशीत बिऱ्हाड थाटतो. आजीच्या हातावरच्या गोंदणाचंही तसंच: रंगाचे कण त्वचेतल्या महाभक्षींनी गिळलेले असतात, पण पचत नाहीत. एक पेशी मेली की कण सांडतात, तिच्या जागी आलेली दुसरी ते उचलते. म्हणून साठ वर्षांपूर्वी गोंदलेली तुळस अजून तिथल्या तिथे आहे, कडा जरा फिसकटल्यात एवढंच.